आधी आपली फ्लॉपी

रविवार, ७ फेब्रुवारी १९९९
सणसर

ही डायरी लेकीने, दिशाने दिली. प्रेसमध्ये उरलेली होती, वर एका खतांच्या दुकानाचं नाव छापलेलं आहे. म्हणाली, "नाना, तुमी मनातल्या मनात लई बोलता. त्यापेक्षा ह्यात लिवा." जानेवारी कोराच गेला. आज बसलो.

आज रमाई जयंती. विहारात वंदना झाल्यावर निम्मी आळी आमच्या ओट्यावर आली. कारण कॉम्प्युटर. गेल्या दिवाळीत पुण्याहून जुना आणला, तेव्हापासून आमच्या घराला देवळासारखी वर्दळ आहे. दिशा त्यावर लग्नपत्रिका आणि हँडबिलं तयार करते. मजकूर फ्लॉपीवर घालते. मी बारामतीला कामावर जाताना ती फ्लॉपी पंच्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीतून नेतो आणि सावळाराम तात्यांच्या प्रेसमध्ये देतो. मराठी अक्षरं प्रत्येक प्रेसमध्ये निराळी असतात, म्हणून मजकुराबरोबर टायपिंगचा प्रोग्रामही फ्लॉपीवर घालावा लागतो. नाहीतर तिकडे नुसते चौकोन दिसतात. हे मला कळतं याचा थोडा गर्व वाटतो. वाटू नये, पण वाटतो.

दिशा आज एक बोलली ते मला आवडलं नाही. म्हणाली, "कुणीबी येतं, खिशातली फ्लॉपी काढतं आन् घालतं. मशीनला पासवर्ड लावूया. आन् दुसऱ्याची फ्लॉपी न तपासता घ्यायची न्हाय."

मी म्हणालो, "आपल्या दारात आल्याला 'तू कुठनं आलास' असं इचारायचं न्हाय."

माझ्या लहानपणी गिरणीत आमचं दळण सगळ्यात शेवटी घेत. आमचं झालं की दुसऱ्याची मूठभर ज्वारी घालून जातं फिरवून काढत, मग उद्याचं दळण. आई ते बघत उभी राहायची. मी कंपनीच्या गेटवर चौकीदार आहे, दिवसभर कामगारांचे डबे उघडून बघतो आणि साहेबांच्या गाडीला दांडा वर करून सलाम ठोकतो. घरी येऊन पुन्हा तेच करायचं? माझ्या घरात होणार नाही. पासवर्ड लावू दिला नाही.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

महिपती आला होता. आम्ही एका वर्गात, एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. त्याचा टोमॅटो आणि डाळिंबाचा मळा आहे, पण सध्या जीव लेकीच्या लग्नात गुंतला आहे. इंदापूरच्या कुणा ज्योतिषाच्या पुतण्याकडून कुंडली जुळवायचा प्रोग्राम फ्लॉपीवर घेऊन आला.

"सायबू, तुझ्या मशिनला शनी कळतो का बघू."

"मशिनला कळंल. मला कळत न्हाय, आन् कळून घ्यायचा बी न्हाय."

"तू नको घिऊ. तू नुसतं बटन दाब."

दिशा म्हणाली, "नाना, नको." मी तिच्याकडे न बघता फ्लॉपी घातली. माझा कुंडलीवर काडीचा विश्वास नाही, आम्ही ते सगळं सोडलेलं आहे. पण महिपतीचा आहे, आणि दार माझं आहे. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले. महिपती इतका खूश झाला की मशीनला हात जोडले.

शनिवार, २७ फेब्रुवारी

पोरगी माझ्यावर रुसली असावी. सकाळी मी वंदनेला बसलो की ती मशीनसमोर बसते, मी उठलो की बंद करते. कोऱ्या फ्लॉप्यांचा डबा रिकामा होत चालला आहे. काय करतेस विचारलं तर म्हणते, "काय न्हाय, आवराआवर." या वयातल्या लेकीला बापाने किती विचारावं? विचारलं नाही.

गुरुवार, ११ मार्च

प्रेसमध्ये पुण्याचा इंजिनिअर आला होता. तात्यांच्या मशीनमध्ये व्हायरस सापडला. मला इतके दिवस वाटायचं की व्हायरस म्हणजे धुळीतला जंतू, म्हणून मी मशीनवर टॉवेल टाकायचो. इंजिनिअर म्हणाला, तसं नाही. तो प्रोग्रामच असतो, कुणा खोडसाळ माणसाने लिहिलेला. दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात लपतो आणि फ्लॉपीवर बसून गावोगाव जातो. हा सापडलेला नुसता झोपून राहतो. २६ एप्रिलला उठतो आणि मशीनची पाटी कोरी करतो. त्याने तात्यांचं मशीन साफ केलं, तपासायचा प्रोग्राम घालून दिला आणि बजावलं, "येणारी प्रत्येक फ्लॉपी आधी तपासायची. रोज."

तो गेल्यावर तात्या मला म्हणाले, "साहेबराव, तुमच्या पोरीच्या फ्लॉपीतनंच आला आसणार."

"कशावरनं, तात्या?"

"आवो, तुमचं घरचं मशीन. आळीतली पोरं खेळत्यात. आमचं धंद्याचं."

मग त्यांनी टेबलाचा सगळ्यात खालचा खण ओढला, त्यातला सुतळीचा गुंडा काढला, आणि कागदाच्या पट्टीवर आमचं आडनाव 'लोंढे' असं लिहून खणाला चिकटवलं. "राग मानू नका. तुमच्या तेवढ्या हितं पडू द्या. येळ मिळंल तसं तपासून घिऊ."

मी पिशवीतली फ्लॉपी खणात टाकली. टाकताना वाकावं लागलं. माझ्यामागे इंदापूरचा पत्रिकांचा एजंट उभा होता. त्याने शर्टाच्या खिशातून फ्लॉपी काढली, ती सरळ मशीनमध्ये गेली.

घरी काही बोललो नाही. दिशाच्या आईने, रतनने दोनदा विचारलं, "आज भाकरी तशीच आणलीत?"

रविवार, १४ मार्च

न बोलून उपयोग नव्हता. दिशाला प्रेसमधूनच कळलं होतं. ती बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासमधून तपासायचा प्रोग्राम घेऊन आली आणि सकाळीच मशीन तपासायला घेतलं. मी शेजारी बसलो. दवाखान्यात आतून नाव पुकारायची वाट बघतात तसा.

पडद्यावर नावं सरकत होती. एका नावापाशी थांबली आणि मशीन ओरडलं. टायपिंगचा प्रोग्राम. पुढे पुन्हा ओरडलं. महिपतीची कुंडली. त्याची फ्लॉपी इथेच राहिली होती, तीही तपासली. तिच्यातही तेच.

म्हणजे आमच्या घरात होता. मी माझ्या हाताने घातला होता. दिशा एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, "नाना, तुमची पण द्या."

माझी म्हणजे बुद्धमूर्तीशेजारी ठेवलेली. त्या फ्लॉपीत फिरणाऱ्या धम्मचक्राचा एक प्रोग्राम आहे, ओळखीच्या एकाने दिलेला. पौर्णिमेला मी तो मशीनवर लावतो आणि समोर बसून वंदना म्हणतो.

"ती कशाला? तिला कुणी हात लावत न्हाय."

"म्हणून तर आधी ती."

मला राग आला. उठून ओट्यावर जाऊन बसलो. रतन जोंधळे पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "गिरणीत आपलं दळण मागं ठेवायचे, त्ये आपून कोण हाय त्ये बघून. जोंधळ्यात खडा हाय का म्हणून बघितलं आसतं, तर तुमच्या आईनं सूप आपल्या हातानं पुढं केलं आसतं. खडा दळणात बघायचा. माणसात न्हाय. येवढं कळना व्हय?"

मी आत गेलो आणि फ्लॉपी काढून दिली. धम्मचक्रातही तेच निघालं. आमच्याच मशीनवरून गेलं असणार. दिशाने साफ करून परत दिली, मी होती तिथे ठेवली.

रोज वंदनेत एहिपस्सिको म्हणतो. धम्म असा आहे की या आणि तपासून पाहा. तीस वर्षं म्हणतोय.

संध्याकाळी महिपतीला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी माझ्या पोरीचं अठ्ठावीस गुण खोटं?"

"गुणाचं मला माहीत न्हाय. फ्लॉपी नासकी हुती."

"आरं मग पुतण्यालाच धरतो. गुणाला वाटंल ते हू दे, पर रोग देऊन पाठवतो म्हंजी काय!"

आता घरातला नियम असा. येईल त्याची फ्लॉपी तपासायची, आणि दर वेळी आधी आपली.

शनिवार, ३ एप्रिल

आज प्रेसमध्ये बोललो. बोलायचं ठरवून गेलो होतो, पण तोंडातून निघेपर्यंत खात्री नव्हती.

म्हणालो, "तात्या, व्हायरस आमच्या घरी सापडला. तुमच्याकडं आमच्यातनं आला का आनखी कुणातनं, ते मला सांगता येत न्हाय. आला आसंल. आमी साफ केलं. आता रोज तपासतो."

तात्या म्हणाले, "बघा, मी म्हणत हुतो."

"व्हय. आता सगळ्यांच्या तपासा. आमची आधी तपासा. पर ह्यो खण काढा."

"सगळ्यांच्या? गिऱ्हाईक देव आस्तो, साहेबराव. देवाची झडती घेत्यात व्हय?"

"आमी घेतली. देवाजवळच्या फ्लॉपीतबी निघाला."

मशीनवरचा माणूस हसला. तात्या नाही हसले. "खण हाय तिथंच ऱ्हाईल. एवढं काय झोंबलं तुमाला? काम देतोय ना?"

मी वाकलो, खणातल्या सगळ्या फ्लॉप्या काढल्या, पंच्यात बांधल्या. पट्टीवर आमचं नाव तसंच होतं. म्हणालो, "मग तुमचा खण तुमच्यापाशी." आणि निघालो. एसटीत छाती हलकी होती.

सोमवार, ५ एप्रिल

दिशा दोन दिवस बोलली नव्हती. आज बोलली.

"फ्लॉप्या माझ्या. काम माझं. मला इचारलं तुमी?"

"त्या खणात तुझं नाव..."

"माझं नाव मला दिसत न्हाय व्हय? जयंतीची हँडबिलं, चार पत्रिका, सगळं गेलं. तुमी मान ताठ करून आला, आन् मी बसले हात बांधून. मी भांडले आसते, पर माझ्या पद्धतीनं."

 तिची पद्धत काय असती ते विचारायलाही सुचलं नाही. अपमान झाला तो आमचा म्हणून मी उठून आलो, पण काम तिचं होतं. पोरीच्या पोटावर बापानेच पाय दिला का? तरी पुन्हा तो प्रसंग आला तर मी पुन्हा तेच करीन, हेही खरं आहे. दोन्ही कसं खरं असेल ते मला कळत नाही.

बुधवार, १४ एप्रिल

जयंती. पहाटेपासून निळे झेंडे. हँडबिलं दुसऱ्या कुणी केली होती. त्यात काना-मात्रेच्या चुका होत्या. दिशाने एक घेतलं, वाचलं, आणि घडी करून कमरेला खोचलं.

रविवार, १८ एप्रिल

दिशा बारामतीत दुसऱ्या दोन प्रेसमध्ये जाऊन आली. एकाने काम नाही म्हणून सांगितलं. दुसरा सरळ बोलला, "सणसरच्या फ्लॉपीत रोग हाय म्हंत्यात." बातमी आमच्या आधी पोचली होती.

रतन म्हणाली, "मशीन इकून टाका आन् पोरीचं लगीन बघा. लोकं नावं ठिवाय लागली."

दिशा म्हणाली, "इकलं तर लोकं म्हणतील, व्हय, रोगच हुता."

मी म्हणालो, "मशीन इकायचं न्हाय." रतनने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, "घ्या. झाली बाप-लेकीची युती." पण रागावली नव्हती. महिपतीने डाळिंबाच्या पेट्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांचं काम आणलं. त्याला गरज नव्हती. पेट्या मागल्या वर्षापर्यंत कोऱ्याच जायच्या.

सोमवार, २६ एप्रिल

सुट्टी टाकली.

इंजिनिअरने तेव्हा सांगितलं होतं की आजच्या दिवशी मशीन लावूच नका. मी दिशाला तसं म्हणून बघितलं.

"आज बंद ठिवलं तर उद्या कशावर इश्वास ठिवायचा? रोज तपासलंय, नाना. लावायचं."

रतन चुलीपाशी उभी. महिपती नारळ घेऊन आला. "फोडू का?"

"फोड, पर खोबरं आमाला दे. आमी फक्त खोबरं मानतो."

दिशाने बटण दाबलं. पडदा काळा होता. काळाच राहिला. मी मनात त्रिशरण म्हणायला लागलो. मशीनच्या आयुष्यासाठी म्हणणं बरोबर आहे का, माहीत नाही. मग आत घरघर झाली, अक्षरं उमटली, आणि निळा पडदा वर आला.

 महिपतीने उंबऱ्याबाहेर नारळ फोडला. दिशाने पेट्यांच्या चिठ्ठ्या काढून ठेवल्या आणि काम सुरू केलं, जणू रोजचाच सोमवार.

मंगळवार, २७ एप्रिल

ड्युटी सुटल्यावर पाय आपोआप प्रेसकडे गेले. तात्यांचं मशीन गेलं. काल सकाळी लावलं तेव्हापासून पडदा काळा. दिवा लागतो, पुढे काही नाही. आतल्या सगळ्या पत्रिका गेल्या, आणि तोंडावर लग्नसराई. तात्या स्टुलावर बसले होते. समोर दोन वरबाप उभे, एक आवाज चढवून बोलत होता.

पुण्याला फोन केला तर इंजिनिअर म्हणाला म्हणे, पुन्हा आला, बाहेरच्या कुठल्यातरी फ्लॉपीतून.

मी दारातूनच बघितलं. माझ्या मनात आनंदाची उकळी फुटली. लगेच लाज वाटली. दोन्ही लिहून ठेवतो. जे झालं ते झालं.

नजर खणाकडे गेली. ३ तारखेपासून रिकामा. तात्यांचीही नजर तिकडेच गेली. मी तिथूनच परत फिरलो. 

शुक्रवार, ३० एप्रिल

बुद्ध पौर्णिमा. विहारातून येऊन पांढऱ्या कपड्यातच बसलो होतो. दारात स्कूटर थांबली. तात्या. सणसरला ते कधी आले नव्हते.

बाहेरच्या बाजेवर बसले. मला सोडून दिशाशी बोलले. "पोरी, मी तुला दिल्याल्या पत्रिकांचा मजकूर तुझ्याकडं आसंल का गं?"

"सगळा हाय, तात्या. दिवाळीपासनंचा. रोजच्या रोज दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून, वर कुणाला काय लिवता येऊ नये म्हणून तिचा खटका बंद करून, पत्र्याच्या डब्यात ठिवलाय. माझाबी आन् तुमच्याकडनं आल्यालाबी."

सकाळची आवराआवर ती हीच. मी तिच्याकडे बघतच राहिलो.

तात्यांचा जीव भांड्यात पडला. "मग दे. नवं मशीन येतंय दोन दिसांत. तूबी ये. सकाळचं तिथंच बसून काम कर."

"येते. पर खण काढायचा. दारापाशी एक टेबल मांडायचं. येईल त्याची फ्लॉपी आधी तिथं. माझी, तुमची, एजंटाची, सगळ्यांची. नाव बघून न्हाय."

"गिऱ्हाईक जातील, पोरी."

"मशीन गेलं, तात्या. गिऱ्हाईक राहून काय करतील?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे. तिच्या पद्धतीत मला बोलायचं नव्हतं. शेवटी तात्या म्हणाले, "बरं. मांड टेबल."

रतनने खिरीची वाटी आणली. तात्या हात जोडून म्हणाले, "आज माझा पौर्णिमेचा उपास आस्तो." पाणीही घेतलं नाही, बिचाऱ्याने उन्हात स्कूटर हाणली.

मागाहून महिपती आला. म्हणाला, "तुझा प्रेसवाला बिरूच्या टपरीवर भजी हाणत हुता की." उपास सोडला असेल. रतन मात्र कितीतरी वेळ वाटी घासत होती.

सोमवार, ३ मे

खण निघाला. म्हणजे टेबलच माळ्यावर टाकलं. दारापाशी नवं टेबल, त्यावर दिशाने आमचं जुनं मशीन नेऊन ठेवलं, तपासण्यापुरतं. तात्यांचं नवं मशीन आत. बोर्ड लिहायला पेंटर मागे लागला होता, पण दिशा म्हणाली, "नानांचं अक्षर चांगलं हाय." मी पुठ्ठ्यावर शाईने लिहिलं:

प्रत्येक फ्लॉपी आधी येथे तपासली जाईल. प्रेसची सुद्धा. कोणीही गैरसमज करून घेऊ नये.

आज पहिल्याच दिवशी इंदापूरचा एजंट आला. बोर्ड वाचून चिडला, "आमी चोर हाय व्हय?" दिशाने त्याच्या देखत आधी आपली फ्लॉपी तपासली, मग हात पुढे केला. त्याच्यात सापडला. तोच. २६ तारखेचा. घाम पुसत म्हणाला, "ताई, साफ हुतो ना ह्यो?"

रविवार, ९ मे

आठवडाभरात तीन जण रागावून गेले, त्यातले दोघे परत आले. तात्या कुरकुरतात, पण आता नवीन माणूस आला की स्वतःच बोर्डाकडे बोट दाखवतात. काल एकाला म्हणाले, "आमच्या प्रेसची शिस्त हाय ती." दिशाने मान खाली घालून हसू दाबलं. प्रेसची तर प्रेसची.

बुधवार, १२ मे

पहिली पाळी करून प्रेसमध्ये गेलो. दिशाचं एक काम उरकायचं होतं, म्हणून बाकावर बसून राहिलो. दिशा टेबलापाशी, तात्या आत पेपर वाचत.

दारात गाडी थांबली. आवाजावरून मी ओळखली. अंगावर चौकीदाराचा खाकी शर्ट तसाच होता. कंपनीचे मोठे साहेब उतरले. हातात फ्लॉपी, त्यांच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीची पत्रिका.

मी कधी उभा राहिलो कळलं नाही. हात कपाळाला गेला होता. साहेब मान हलवून आत निघाले. दिशाने हात पुढे केला, "साहेब, फ्लॉपी."

आणि मीच बोललो. माझ्याच तोंडातून आलं. "राहू दे गं. साहेबांची काय तपासायची."

दिशाने साहेबांकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. तात्यांनी पेपर खाली घेतला. इतके दिवस ज्याची वाट बघत होते ते आलं, असं त्यांच्या तोंडावर दिसलं. आत मशीनवरचा माणूसही थांबला होता. आज ही एक फ्लॉपी आत गेली की उद्या वकिलांची जाणार, परवा एजंटाची. मग टेबलापाशी थांबायला उरणार कोण? आम्हीच.

दिशा हळूच म्हणाली, "नाना, बोर्ड तुमच्या अक्षरात हाय."

 अठरा वर्षं मी त्या गाडीला दांडा वर केला आहे. एकदाही तिची डिकी उघडायला सांगितली नाही, आणि कामगारांच्या डब्यातली चटणी बोटाने चाळली आहे.

मी साहेबांच्या पुढे जाऊन उभा राहिलो. सलाम केला नाही. म्हणालो, "साहेब, हितं सगळ्यांची तपासत्यात. आधी प्रेसची, मग तुमची."

"तू आमच्या गेटवर असतोस ना?"

"व्हय, साहेब. साहेबराव लोंढे."

साहेब एकदा माझ्याकडे, एकदा पुठ्ठ्याकडे बघत राहिले. पूर्ण वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग फ्लॉपी माझ्या हातात दिली. मी ती दिशाच्या हातात दिली. तिने आधी प्रेसची घातली, काढली. मग साहेबांची. नावं सरकत राहिली. साहेबही वाकून बघायला लागले. आम्ही तिघं एका पडद्याकडे बघत होतो, आणि तात्या पाठीमागून टाचा उंचावून.

मशीन ओरडलं नाही.

दिशा उठली, दोन्ही हातांनी फ्लॉपी परत दिली. "स्वच्छ हाय, साहेब. आत द्या."

साहेब आत गेले. तात्यांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुसली. मी बाकावर बसलो. 

एसटीत दिशा म्हणाली, "उद्या काय म्हणतील वं साहेब?"

"म्हणंनात का," मी म्हणालो. 

रतनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी जाईल की वं."

"जाईल न्हायतर ऱ्हाईल."

तिने शर्ट धुवायला घेतला, कॉलर जास्तच घासली, आणि दोरीवर नीट झटकून घातला. म्हणाली, "मग उद्या इस्तरी करूनच जावा."

उद्या पुन्हा पहिली पाळी. कामगार सातच्या आधी येतात, साहेबांची गाडी साडेआठला. मी दोघांनाही थांबवणार आहे.